माठाची माती आणि चहाची चव

लोणावळ्याच्या बाजूला तुम्ही हल्ली उतरलात, तर एखाद्या टपरीवर भट्टीत लाल झालेला मातीचा पेला चिमट्याने बाहेर काढताना दिसेल. त्यात दुधाचा चहा ओतला की तो फसफसून उतू जातो. याला म्हणतात तंदुरी चहा. २०१८ च्या सुमारास पुण्यात ही टूम निघाली. पिणारे म्हणतात, मातीची चव उतरली! मला विचाराल तर ती चव मातीची कमी आणि करपलेल्या दुधाची जास्त. पण मातीच्या भांड्याने चव बदलते का, हा प्रश्न खरा आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला आपल्या घरातला माठ पुरे.

माठाची माती नुसती माती नसते. कुंभार चिकणमाती भिजवतो, तुडवतो, तीत घोड्याची लीद नाहीतर राख मिसळतो. चाकावरून उतरवलेला कच्चा घडा आतून दगडी गुंड्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने बडवतो. आव्यात सातआठशे अंशांच्या आसपास धग मिळाली की लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी निवेल इतकी. वैशाखात हे काम झकास चालते. मात्र आषाढात, घाटमाथ्यावर ढग घरात शिरतात तेव्हा, हवेत वाफेला जागाच उरत नाही. मावळातल्या बायका पावसाळ्यात माठ पालथा घालून ठेवतात तो उगीच नव्हे.

गुरुजींनी हे वर्गात करून पाहावे. माठाची एक कोरडी खापरी तोलावी, रात्रभर पाण्यात ठेवावी, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलावी. मग चिनी मातीच्या फुटक्या बशीचा तुकडा घेऊन तसेच करावे. बशीला काचेचा लेप असतो. ती पाणी पीत नाही. कोणत्या भांड्याशी पाण्याची सलगी होते, ते मुलांना तराजूच सांगेल.

आपल्याकडे चहा आला तो या बशीतून आणि धातूच्या भांड्यांतून. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून केवढे वादळ उठले! न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावे त्यात आली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. चहा कोणाच्या घरचा, यावर सारा वाद. तो कसल्या भांड्यात चांगला लागतो, हे विचारायला कोणाला सवड होती?

ती चौकशी जपानात झाली. तिकडचा हिरवा चहा म्हणजे वाफवून, वळून सुकवलेली पाने. ही रीत १७३८ साली उजी प्रांतातल्या नागातानी सोएन याने बसवली असे मानतात. हा चहा उकळत नाहीत. सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात मिनिटभर मुरू देतात. पाणी फार कढत असले तर तुरटपणा भराभर उतरतो आणि पानातली गोडी त्याखाली दबते. म्हणून किटली लहान, पातळ, दांडा बाजूला, आणि आतली गाळणीसुद्धा मातीचीच.

नागोयाजवळच्या तोकोनामे गावात सुगिए जुमोन या कुंभाराने १८५४ साली लाल मातीची अशी किटली घडवली. पुढे १८७८ साली जिन शिहेंग नावाचा चिनी कारागीर तेथे आला आणि त्याने आपल्याकडची हातकला तिथल्या कुंभारांना शिकवली. ही माती लोहयुक्त; लेप न देता ती कडक भाजतात, म्हणून किटली माठासारखी पाझरत नाही. तिथले लोक सांगतात की लोहाच्या संगतीने चहाचा तुरटपणा मवाळ होतो. मला वाटते, यात मातीचा वाटा आहे, पण पाण्याची धग आणि भांड्याची जाडी यांचा त्याहून मोठा. माती एकटी काही करत नाही.

एक गंमत पाहा. ती किटली साबणाने धूत नाहीत, आणि आपली आजीही माठाला साबण लावू देत नाही. दोघांचे कारण एकच: माती वास धरून ठेवते. पण पुढे वाटा फुटतात. किटली वापरून वापरून अधिक मोलाची होते. माठ मात्र क्षारांनी छिद्रे बुजली की थंडावा सोडतो, आणि दर उन्हाळ्यात नवा घ्यावा लागतो. त्यावर आपल्या कुंभाराचे पोट चाले. आधी कळशी आली, मग शीतपेटी आली, प्लास्टिकची बाटली आली. मावळात भातखाचरांच्या जागी बंगले उठले, तशी माती आणायची ठिकाणेही आटली.

जपान सरकारने १९९८ साली तोकोनामेच्या तिसऱ्या यामादा जोझान या कुंभाराला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरवले. लीद किती घालावी आणि आवा कधी उघडावा हे जाणणारा आपला कुंभार बलुत्याच्या धान्यावर राहिला, आणि त्याच्या हातचे मोजमाप कुठल्या वहीत उतरले नाही.

पुढच्या चैत्रात माठ घ्याल तेव्हा नुसती टिचकी मारून आवाज ऐकू नका. माती कुठली, तीत काय मिसळले, आवा किती वेळ धरला, हे विचारा. शाळेतली मुले बरोबर असली तर त्यांना लिहून घ्यायला सांगा.