रंग आणि हिशेब

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले; घरात मराठी, दारात हिंदी. इथली मुले मोबाइलवर पुण्याच्या भावंडांशी ल्यूडो खेळून रुसवे मिटवतात, तेव्हा मला महादजी शिंदे आठवतात. जून १७९२ मध्ये ते पुण्यास आले. उत्तरेच्या मोहिमांच्या खर्चाचा तंटा होता, नाना फडणीस साशंक होते. महादजींनी १८ वर्षांच्या सवाई माधवरावांना शिकारीस नेले, त्यांच्याशी रंग खेळले. तरुण पेशव्यांचा जीव त्यांच्यावर जडला. नानांचा संशय मात्र रंगाने धुतला जाणारा नव्हता! हिशेबाचा घोळ कागदांवरच निस्तरावा लागला. आणि होळकरांशी रंग कोण खेळणार? १७९३ च्या जूनमध्ये लाखेरीस शिंदे-होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. महादजी तेव्हा पुण्यातच होते.