नौदलाचे ५५१ स्क्वाड्रन (फँटम्स)

भारतीय नौदलाच्या हवाई शाखेतील जेट प्रशिक्षणाचे स्क्वाड्रन. उड्डाणाचे पहिले धडे घेतलेल्या वैमानिकाला विमानवाहू जहाजावरच्या लढाऊ विमानाच्या उंबरठ्यापर्यंत आणणे, हे त्याचे काम. त्याच्या इतिहासाचा मोठा भाग गोव्यात, दाबोळीच्या ‘हंसा’ या नाविक हवाई तळावर घडला.

विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली. तिच्यावरच्या सी हॉक या ब्रिटिश जेट विमानांसाठी जमिनीवर तळ हवा होता. तो ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइमतूरजवळच्या सुलूर येथे ‘हंसा’ नावाने सुरू झाला. ५५१ चा आरंभ तिथलाच. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पोर्तुगीजांनी १९५० च्या दशकात बांधलेला दाबोळीचा विमानतळ एप्रिल १९६२ मध्ये नौदलाकडे आला आणि जून १९६४ मध्ये ‘हंसा’ सुलूरहून तिथे हलली. कोकणच्या समुद्राला लागून असलेली ही धावपट्टी नौदलाच्या जेट वैमानिकांचे घर बनली.

स्क्वाड्रनचे पहिले विमान व्हँपायर टी-५५. त्यात शिक्षक आणि शिकाऊ शेजारी-शेजारी बसत. या बैठकीचे महत्त्व सी हॉककडे पाहिल्यावर कळते. सी हॉक एकच आसन असलेले विमान होते आणि त्याची दोन आसनांची प्रशिक्षण आवृत्ती नव्हती. म्हणजे सी हॉकमधले पहिलेच उड्डाण वैमानिकाला एकट्याने करावे लागे. शेजारून हात पुढे करून चूक सावरणारा शिक्षक त्याला भेटे तो व्हँपायरमध्येच. भारत-पाक युद्धात ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरच्या सी हॉकांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. त्याचे श्रेय सी हॉक उडवणाऱ्या ३०० स्क्वाड्रनला मिळाले, आणि ते योग्यच आहे. पण अशा वैमानिकांना घडवणाऱ्या प्रशिक्षण स्क्वाड्रनची आठवण त्या युद्धाच्या वर्णनांत क्वचितच येते. व्हँपायर विमान आज बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहता येते. हे संग्रहालय ऑक्टोबर १९९८ मध्ये उघडले.

व्हँपायरची जागा पुढे किरण (एचजेटी-१६) या भारतीय विमानाने घेतली. मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये या विमानाच्या आराखड्याचे नेतृत्व डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केले. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या गावी १९०८ मध्ये जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. प्राथमिक प्रशिक्षणाचे एचटी-२ हे विमानही त्यांचेच. तेही नौदलाने वापरले. किरण ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडाले. त्यातही आसने शेजारी-शेजारीच होती, त्यामुळे शिकवण्याची जुनी रीत कायम राहिली. किरण मार्क-२ मध्ये अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन आले आणि शस्त्रे वाहण्याची क्षमता वाढली.

१९८३ च्या डिसेंबरात दाबोळीला सी हॅरियर ही लढाऊ विमाने उतरली. उभ्या-उभ्या उतरू शकणाऱ्या या विमानाचे तंत्र इतके वेगळे होते की त्याच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तुकडी उभी राहिली. तीच नंतर ५५२ स्क्वाड्रन झाली. सी हॅरियर मे २०१६ मध्ये निवृत्त झाली.

२००३ मध्ये गोव्यात ५५१ च्या किरण विमानांवर ‘सागर पवन’ हे चार विमानांचे कसरती पथक उभे राहिले. नौदलाचे स्वतःचे कसरती पथक असणे जगात दुर्मीळ. ३ मार्च २०१० रोजी हैदराबादला बेगमपेठच्या हवाई प्रदर्शनात पथकाचे एक विमान कोसळले आणि त्यातील दोन्ही अधिकारी मृत्युमुखी पडले.

विमानवाहू जहाजासाठी मिग-२९के ही लढाऊ विमाने येणार हे ठरल्यावर किरण अपुरे पडू लागले. नौदलाने काही वैमानिक अमेरिकेत गोशॉक या प्रशिक्षण विमानांवर शिकण्यासाठी पाठवले. २०१० च्या करारात नौदलासाठी १७ हॉक जेट प्रशिक्षण विमाने घेतली गेली. त्यांतली पहिली ६ नोव्हेंबर २०१३ रोजी विशाखापट्टणमच्या ‘डेगा’ तळावर ५५१ साठी दाखल झाली. हॉकमध्ये शिक्षक शिकाऊच्या मागे बसतो. मात्र जहाजाच्या डेकवर हॉक उतरू शकत नाही. त्यामुळे तो शेवटचा टप्पा वैमानिक मिगवरच शिकतात. त्यासाठी दाबोळीला जमिनीवरच जहाजासारखा टोकाशी वर चढणारा उड्डाणमार्ग आणि विमान अडवणाऱ्या तारा बसवल्या आहेत.