‘डीएलएल फाइल सापडली नाही’ असा मेसेज आला? विंडोज मारायच्या आधी हे वाचा

डेअरीवर सकाळची रांग लागलेली. कॉम्प्युटर चालू, फॅट काढायचं मशीन चालू, पण संकलनाचा प्रोग्रॅम काही उघडत नाही. स्क्रीनवर एक छोटी चौकट येते : ‘द कोड एक्झिक्युशन कॅनॉट प्रोसीड बिकॉज एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल वॉज नॉट फाउंड.’ ओके दाबलं की चौकट जाते, परत डबल क्लिक केलं की परत येते. मग तालुक्याला फोन लागतो आणि तिकडून उत्तर मिळतं, ‘घेऊन या, विंडोज मारावी लागेल.’

जरा थांबा. विंडोज मारायची म्हणजे बहुतेक ठिकाणी सी ड्राइव्ह फॉरमॅट करतात. दहा दिवसांच्या बिलाच्या नोंदी त्याच ड्राइव्हवर असतील आणि बॅकअप नसेल, तर त्या गेल्या. सभासदांचा हिशेब पुन्हा वहीवरून मांडत बसायचं. आणि या एररसाठी बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. एक फुकटचं पॅकेज टाकायचं असतं, तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवता येईल एवढं लहान.

ही फाइल आहे तरी काय?

गावात लग्नाची मोठी पातेली, कढया प्रत्येक घरात नसतात. देवळात सामाईक भांडी ठेवलेली असतात, ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जातो. डीएलएल म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी, ही कॉम्प्युटरमधली तशीच सामाईक भांडी. गणित करणं, अक्षरं हाताळणं, मेमरी वापरणं अशी रोजची कामं प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने लिहीत बसत नाही, या फाइलींकडून करून घेतो. प्रोग्रॅम सुरू होताना ठरलेलं भांडं जागेवर दिसलं नाही, तर तो तिथेच थांबतो. तुमचा डेटा खराब झाला असा त्याचा अर्थ नाही.

भांडं जातं कुठे? कधी ते मुळात आलेलंच नसतं. नवीन कॉम्प्युटरवर नुसता प्रोग्रॅमचा फोल्डर कॉपी केला, सेटअप चालवलाच नाही, की हे होतं. कधी आपणच ते काढतो. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून कोणीतरी प्रोग्रॅमची यादी उघडतो, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या सात-आठ ओळी दिसतात. एवढ्या कशाला, म्हणून अनइन्स्टॉल. त्या ओळी कचरा नाहीत. वेगवेगळ्या वर्षांच्या प्रोग्रॅमना त्या वेगवेगळ्या लागतात, तेव्हा त्यांना हात लावू नका.

आधी नाव बघा

चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. इलाज फाइलच्या नावावर ठरतो. नावात ‘एमएसव्हीसीपी१४०’ किंवा ‘व्हीसीरनटाइम१४०’ असेल, तर २०१५ आणि त्यानंतरचं व्हिज्युअल सी प्लस प्लस पॅकेज हवं. ‘एमएसव्हीसीआर१००’ असेल तर २०१० चं, ‘११०’ असेल तर २०१२ चं, ‘१२०’ असेल तर २०१३ चं. ‘व्हीसीरनटाइम१४०’ च्या पुढे अंडरस्कोर आणि एक असा आकडा असेल, तर पॅकेज बहुधा आहे पण जुनं आहे, नवीन टाकलं की काम होतं. गेम उघडताना ‘डी३डीएक्स९’ असं काही आलं, तर डायरेक्टएक्सचा जून २०१० चा जुना संच लागतो.

पॅकेज फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. तिथे त्याचे एक्स८६ आणि एक्स६४ असे दोन प्रकार दिसतील. विंडोज ६४ बिटची असेल (सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथे ‘सिस्टीम टाइप’ बघा) तरी दोन्ही टाका. कारण विंडोज ६४ बिटची असली तरी डेअरीचे, हिशेबाचे जुने प्रोग्रॅम बरेचदा ३२ बिटचे असतात आणि त्यांना एक्स८६ वालंच लागतं. एकच टाकून ‘तरी होत नाही’ म्हणणारे याच ठिकाणी अडकतात. विंडोज ३२ बिटची असेल तर फक्त एक्स८६. टाकल्यावर कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट करा.

सुटी फाइल उतरवू नका

नेटवर फाइलचं नाव टाकलं की ‘ही एक फाइल डाउनलोड करा’ म्हणणाऱ्या साइट सगळ्यात वर दिसतात. मीही एकदा त्या भानगडीत पडलोय. फाइल उतरवली, सिस्टीम३२ मध्ये टाकली, जुनी एरर गेली आणि ‘०xc०००००७बी’ नावाची नवीन आली. ३२ बिटच्या आणि ६४ बिटच्या फाइलींची सरमिसळ झाली की बहुधा हीच एरर येते. यातली गंमत अशी की ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवाव६४ मध्ये. नावं बरोबर उलटी! माझं एवढ्यावर भागलं. पण अशा फाइलच्या पोटात व्हायरस असेल तर तो थेट विंडोजच्या घरात जाऊन बसतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर संस्थेचं बँकेचं काम चालत असेल तर विचार करा.

कधी फाइल अँटिव्हायरसने उचललेली असते. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ उघडली की नाव दिसतं. प्रोग्रॅम विकत घेतलेला, खात्रीचा असेल तर कंपनीला विचारून मग फाइल परत आणा. फ्लेक्सच्या आणि फोटोच्या दुकानांत क्रॅक केलेली सॉफ्टवेअर असतात, तिथे हे नेहमीचंच. तिथे अँटिव्हायरस बंद करून टाकणं हा उपाय नव्हे, ती फाइल त्याने उगाच धरलेली नसते.

नाव विंडोजच्याच फाइलचं असेल, किंवा बरेच प्रोग्रॅम एकदम बिघडले असतील, तर विंडोजला स्वतःची दुरुस्ती करू द्या. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ घ्या. इंग्रजीत एसएफसी, एक स्पेस, स्लॅश आणि त्याला चिकटून स्कॅननाऊ असं टाइप करून एंटर दाबा. वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

विंडोज ७ वाल्यांसाठी वेगळं. ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ अशी लांबलचक फाइल मागत असेल, तर सर्व्हिस पॅक १ आणि केबी२९९९२२६ नावाचं अपडेट लागतं. पण विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे जुन्या मशीनवर नवीन प्रोग्रॅम चालेलच असं नाही.

फाइल फिंगरप्रिंट मशीनची किंवा डीएससी टोकनची असेल, तर वरचं काही उपयोगाचं नाही. त्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा लागतो.

एवढं करूनही जमलं नाही आणि कॉम्प्युटर दुकानात न्यावाच लागला, तर निघण्याआधी प्रोग्रॅम देणाऱ्याला फोन करून डेटा कुठल्या फोल्डरात आहे ते विचारा आणि तो पेनड्राइव्हवर घ्या. प्रोग्रॅम उघडत नसला तरी फाइली कॉपी होतात. दुकानदाराला तो फोटो दाखवा, फाइलचं नाव सांगा आणि ‘आधी पॅकेज टाकून बघा, मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असं स्पष्ट बोला.