अरेथा फ्रँकलिन यांची लोकप्रिय गाणी

अमेरिकन सोल व पॉप गायिका अरेथा फ्रँकलिन (२५ मार्च १९४२–१६ ऑगस्ट २०१८) यांची गाजलेली गाणी मुख्यतः १९६७ ते १९७३ या काळातली आहेत. त्यांतली बरीचशी इतरांनी लिहिलेली, तर काही आधी इतरांनीच गाजवलेली. तरीही ती ओळखली जातात अरेथांच्या नावाने. त्या पियानोवर बसून गाण्याची मांडणीच बदलून टाकत. त्यामुळे त्यांना केवळ थोर ‘आवाज’ म्हणणे अपुरे आहे.

जन्म मेम्फिसचा. वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे नामांकित धर्मोपदेशक होते. गायनाचे आणि पियानोचे वळण त्या चर्चमधल्या गॉस्पेल संगीताचे. १९६० पासून कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी जॅझ व पॉप धाटणीची गाणी गायली. ती गोड आहेत, पण गाजली नाहीत.

अटलांटिक कंपनीत आल्यावर, जानेवारी १९६७ मध्ये अलाबामातील मसल शोल्स येथील फेम स्टुडिओत ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन’ ध्वनिमुद्रित झाले. निर्माते जेरी वेक्सलर यांनी अरेथांना पियानोवर बसवले, आणि स्पूनर ओल्डहॅम यांनी इलेक्ट्रिक पियानोवर सुरुवातीची संथ सुरावट धरली. पण तिथे झालेल्या भांडणामुळे मुक्काम लगेच आटोपला. दुसरे गाणे अर्धवट राहिले व न्यूयॉर्कला पुरे झाले.

‘रिस्पेक्ट’ ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये लिहून गायले होते. त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरेथांनी फेब्रुवारी १९६७ मध्ये ते गायले, तेव्हा मागणारी बाई झाली आणि तिच्याकडे स्वतःचा पैसाही आला. मूळ गाण्यात नसलेला मधला तुकडा घातला गेला: सूर अचानक बदलतो आणि किंग कर्टिस यांचा सॅक्सोफोन वाजतो. पुढे वाद्ये थबकतात आणि अरेथा शीर्षकातले एकेक अक्षर सुटे म्हणतात. रेडिंग यांच्या गाण्यात हे नाही. मागून अरेथांच्या बहिणींचा कोरस ठेका धरतो. जून १९६७ मध्ये गाणे अमेरिकन पॉप यादीत अव्वल ठरले. नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी ते आपलेसे केले. अमेरिकन रेडिओवर गाणे वाजले की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळते, गायकाला नाही. त्यामुळे या प्रसारणाचा पैसा रेडिंग यांच्याकडे गेला. अरेथांच्या वाट्याला मान तेवढा आला.

कॅरोल किंग व जेरी गॉफिन यांच्या ‘नॅचरल वुमन’ची (१९६७) कल्पना वेक्सलर यांची. ‘आय से अ लिटल प्रेअर’ डिऑन वॉरविक यांनी आधीच लोकप्रिय केले होते. १९६८ मध्ये अरेथांनी ध्रुपदाचा बराच भाग ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ या कोरसवर सोपवला आणि स्वतः मधूनमधून उत्तरे दिली. चर्चमधला सवाल-जवाबच तो! संगीतकार बर्ट बॅकरॅक यांनाही हीच आवृत्ती सरस वाटे.

‘थिंक’ (१९६८, तेव्हाचे पती टेड व्हाइट यांच्यासह), ‘रॉक स्टेडी’ आणि ‘डे ड्रीमिंग’ या त्यांच्या स्वतःच्या रचना; गीतकार म्हणून त्यांची दखल मात्र कमीच घेतली जाते. ‘थिंक’ १९८० च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ चित्रपटातून नव्या पिढीपर्यंत पोचले.

अरिस्टा कंपनीच्या काळातले ‘फ्रीवे ऑफ लव्ह’ (१९८५) नृत्यप्रधान आहे. जॉर्ज मायकल यांच्याबरोबरचे १९८७ चे युगुलगीत ‘आय न्यू यू वेअर वेटिंग’ हे पॉप यादीत अव्वल आलेले त्यांचे दुसरे आणि शेवटचे गाणे. खपाने ते मोठे. पण सिंथेसायझरच्या गर्दीत अरेथांचा पियानो त्यात शोधावा लागतो.