काचेचा कठडा

गिरगावातल्या चाळींचे लाकडी कठडे ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणते ते चटकन कळेल. त्या कठड्यांवर गोधड्या वाळत, आणि गणपतीची मिरवणूक आली की अख्खं बिऱ्हाड त्यावर रेलून उभं राही. कठडा म्हणजे भार सोसणारी वस्तू, हे आमच्या पिढीच्या अंगात मुरलेलं. पुढे लोखंडी गजांचे आले, सिमेंटच्या जाळीचे आले, तरी ही समजूत बदलली नाही. आता परळपासून ठाण्यापर्यंत नव्या टॉवरांना काचेचे कठडे दिसतात. काच म्हणजे तर आपल्याकडे नाजूकपणाचं दुसरं नाव! पंचविसाव्या मजल्यावर माणसाने काचेला टेकून उभं राहायचं, हा विश्वास आला कुठून? गेले काही महिने मी याच्याच मागे लागले होते. (मी इतिहास-मराठी शिकवणारी बाई. विज्ञानाशी संबंध जुन्या अकरावीपुरता. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.)

कंदिलाची काच आठवते? ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील आमच्या घरी होता. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला की कट्‌कन तडा जायचा. थंड झालेला तेवढाच भाग आकसतो, बाजूची गरम काच त्याला आकसू देत नाही, त्या ओढाताणीत काच जाते. दाब ती भरपूर सोसते, ताण सोसत नाही.

गंमत अशी की हीच ओढाताण नीट बांधून घातली तर काच बळकट होते. १६६० च्या सुमारास प्रिन्स रूपर्टने इंग्लंडच्या दरबारात काचेचे थेंब आणले. वितळलेली काच पाण्यात टिपकवून केलेले. त्यांच्या डोक्यावर हातोडी मारा, काही होत नाही, पण बारीक शेपटी मोडली की सगळ्याचा क्षणात भुगा. दोनशे वर्षं ती करमणूकच राहिली. १८७४ मध्ये द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थाने तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. हल्ली काच सहाशे अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो आणि बाहेरच्या थराला कायमचा आवळून ठेवतो. ही टफन्ड काच साध्या काचेच्या चौपट-पाचपट ताकदीची. फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता खडीसाखरेसारखे खडे होतात. दुसरी युक्ती बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची, १९०९ च्या पेटंटाची: दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा चिकटवायचा. हिला लॅमिनेटेड म्हणतात. ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात.

मग काळजी मिटली? नाही ना. १९५८ साली मेलबर्नमध्ये आयसीआय हाउस ही उंच इमारत उभी राहिली. बाल्कन्या नव्हत्या, पण बाहेरच्या भिंतींना टफन्ड काच लावलेली. ती काच कुणीही हात न लावता फुटू लागली, आणि खाली रस्ता! बॅलन्टाइन नावाच्या संशोधकाने १९६१ मध्ये कारण मांडलं. काचेत निकेल सल्फाइडचा एखादा कण राहून जातो, मोहरीहून कितीतरी बारीक. भट्टीत त्याचं रूप बदलतं, आणि काच झटक्यात गार केल्यामुळे त्याला मूळ रूपात परतायला वेळच मिळत नाही. मग तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, सावकाश परतत राहतो. परतताना किंचित फुगतो. तो नेमका ताणाखालच्या गाभ्यात असला की सगळी काच एकदम जाते. सुरुवात जिथून झाली तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन तुकडे सापडतात, मध्ये तो कण. मला हे वाचून अंगावर काटा आला.

एवढं कळूनही पन्नास वर्षांनी, २०११ च्या उन्हाळ्यात, टोरांटोमध्ये नव्या टॉवरांच्या बाल्कन्यांच्या काचा रस्त्यांवर पडल्या. माझी भाची तेव्हा तिथेच राहत होती. बाल्कनीत जाऊ नका, अशी नोटीस तिच्या इमारतीत लागली. "मावशी, बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजले आणि दाराला कुलूप!" असं ती फोनवर म्हणाली होती. मग ओंटारियो प्रांताने बांधकामाचे नियम बदलले, १ जुलै २०१२ पासून. कठड्याची काच कडेच्या किती जवळ आहे ते पाहून, लॅमिनेटेड वापरा किंवा टफन्ड काच आधी तापवून पारखून घ्या. या पारखण्यात काच २६० ते २९० अंशांवर काही तास ठेवतात. ज्या फुटायच्या त्यातल्या बहुतेक कारखान्यातच फुटतात.

आता तिच्याच धाकट्या भावाने ठाण्यात बाविसाव्या मजल्यावर घर घेतलंय. काम चालू असताना मी पाहून आले. स्लॅबच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल बोल्टांनी घट्ट बसवलेलं, त्यात काच उभी करायची. रबर आणि पाचरी घालून ती ओळंब्यात आणणाऱ्या कारागिराने मला समजावलं की काच धातूला कुठेही टेकता कामा नये, टेकली तिथून जाते. चॅनलमध्ये पावसाचं पाणी साठू नये म्हणून खाली भोकं. आणि एकदा कडक केलेली काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. माप चुकलं की ती काच वाया! बारा-चौदा तास दोरावर काम करणारा तो पोरगा या बाबतीत भलताच काटेकोर होता.

विक्री कार्यालयातल्या साहेबांना मी विचारलं, काच लॅमिनेटेड आहे का? तापवून पारखल्याचा दाखला आहे का? वर हात ठेवायला पट्टी का नाही? एखादी काच फुटलीच तर त्या पट्टीने माणूस अडेल तरी. आपल्याकडेही इमारतींतल्या काचेसाठी आय.एस. १६२३१ हे मानक आहे, त्याच्या चौथ्या भागात माणसाच्या सुरक्षेचाच विचार आहे. ते हसून म्हणाले, "मॅडम, टफन्ड आहे. हत्तीने धडक दिली तरी फुटणार नाही."

मी हत्तीचं विचारलंच नव्हतं. भाच्याने आता हेच प्रश्न लेखी पाठवलेत. पट्टीने इमारतीचं रूप बिघडतं, एवढं एक उत्तर आलंय. बाकीच्यांची वाट पाहतोय, आली की इथे लिहीनच.