चौथ्या चाकाचा हिशोब

तीन पायांचे स्टूल कितीही ओबडधोबड फरशीवर ठेवले तरी ते डुगडुगत नाही. चार पायांचे टेबल मात्र डुगडुगते आणि आपण एखाद्या पायाखाली कागदाची घडी सरकवतो. त्या घडीने नेमके काय होते? शर्यतीच्या मार्गावर मोटार पळवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या कारी मार्गावर हौशी मंडळी आपल्या गाड्या घेऊन जातात. त्यांच्यात ‘कॉर्नर बॅलन्सिंग’ हा शब्द ऐकू येतो. चारही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवायचा आणि स्प्रिंगा वर-खाली करून भाराची वाटणी जुळवायची, असा त्याचा अर्थ. हे करावे का, आणि केव्हा? उत्तरासाठी आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या चाकांचा इतिहास पाहू या.

सुरुवात बैलगाडीपासून. तिला चाके दोन, पण आधार तीन: दोन चाके आणि धुरीचे जुवावर टेकलेले टोक. म्हणजे बैलगाडी हे तीन पायांचे स्टूलच. भार कोठे ठेवला एवढे कळले, की तिन्ही आधारांच्या वाट्याला किती वजन येईल ते तरफेच्या नियमाने ठरते. आसापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे असे समजू. ५० किलोचे पोते ६० सेंटिमीटर पुढे सरकवले, तर बैलांच्या मानेवर १० किलो भार वाढतो. तेच पोते फार मागे गेले तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. गाडीवान हे गणित न मांडता, पोती मागे-पुढे करून सोडवत आला आहे.

जुवाची करामत आणखी पुढची आहे. धुरी जुवाला मधोमध दोराने बांधलेली असते. त्यामुळे जू थोडे कलू शकते. एक बैल खड्ड्यात आणि दुसरा उंचवट्यावर असला, तरी धुरीचा भार दोघांच्या मानेवर जवळजवळ सारखाच पडतो. जोडीतला एक बैल कमजोर असेल, तर त्याच्या बाजूचा जुवाचा भाग लांब ठेवला की त्याच्या वाट्याला भार कमी येतो. विदर्भातल्या शंकरपटात हलकी छकडी जोडून बैल पळवतात, तेथे ही जुळणी फार महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. त्या अटींचा गाभा बैलाला इजा होऊ न देणे हा आहे. भाराची चुकीची वाटणी शेवटी कोणाच्या तरी मानेवरच पडते, हे येथे अक्षरशः खरे आहे.

चार आधार आले की गणित अडते. ते का अडते, याचा विचार लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने केला. त्याचा निबंध १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाचे एकूण वजन आणि ते कोठे आहे, हे माहीत असले तरी चार पायांवरचे चार भार निघत नाहीत, कारण अज्ञात राशी चार आणि समीकरणे तीनच. चौथे समीकरण मिळवण्यासाठी ऑयलरने जमीन किंचित दबते असे मानले. जो पाय जास्त दबेल, त्यावर भार जास्त. थोडक्यात, चार पायांच्या बाबतीत वजनाइतकेच पायांच्या उंचीला आणि आधाराच्या लवचिकपणाला महत्त्व असते.

हा प्रश्न लोहमार्गावर प्रत्यक्ष उभा राहिला. रूळ उंचसखल असले, की इंजिनाच्या एखाद्या चाकावरचा भार कमी होई. ते चाक घसरे, प्रसंगी रूळही सोडी. १८३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोसेफ हॅरिसन याने शेजारच्या दोन चाकांच्या स्प्रिंगा मधोमध टेकलेल्या एका दांड्याने जोडल्या. एक चाक खाली गेले की दांडा कलतो आणि भार पुन्हा दोघांत वाटला जातो. हा दांडा म्हणजे लोखंडी जूच! अशा दोन दांड्यांमुळे आणि पुढच्या फिरत्या बोगीमुळे इंजिन जणू तीनच बिंदूंवर उभे राहू लागले.

आपल्या जिल्ह्यात हे युग १८६० च्या दशकात आले. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा निघाला. खेड्यातून कापूस आणणारी गाडी तीन आधारांची आणि तो पुढे नेणारी वाघीण चार चाकांची. दोन्ही गणिते खामगावात शेजारी उभी राहिली.

आता मोटार. एका मोटारीचे चालकासह वजन ८०० किलो आहे असे समजू. काट्यांवर पुढचे डावे चाक २६०, पुढचे उजवे २२०, मागचे डावे १५० आणि मागचे उजवे १७० किलो दाखवते. पुढची बेरीज ४८०, मागची ३२०. डावी ४१०, उजवी ३९०. स्प्रिंगांशी खेळून या चार बेरजा बदलत नाहीत. त्या बदलायच्या तर बॅटरी, आसन असे वजनच हलवावे लागते. स्प्रिंगांनी बदलते ती फक्त कर्णांची बेरीज. येथे एक कर्ण ४३० आणि दुसरा ३७० आहे. पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या कोपऱ्याची स्प्रिंग थोडी वर चढवली, की त्या दोन्ही चाकांवर १५-१५ किलो वाढतात आणि उरलेल्या दोन्हींवर तितकेच कमी होतात. मग भार २४५, २३५, १६५, १५५ असे होतात आणि दोन्ही कर्ण ४०० वर येतात. टेबलाखालची कागदाची घडी नेमके हेच करते.

कर्ण असमान राहिले तर डाव्या आणि उजव्या वळणावर गाडी वेगवेगळी वागते. एकीकडे ती वळायला कुरकुरते, दुसरीकडे तिचे शेपूट बाहेर जाऊ पाहते. जोरात ब्रेक दाबला तर पुढचे हलके चाक आधी अडकून घसरते.

तर मग केव्हा करावे? स्प्रिंगांची उंची कमी-जास्त करण्याची सोय नसेल, तर काट्यांवर पैसे घालवू नयेत. साधी मोटार वर्षातून एकदोनदा मार्गावर नेणाऱ्याने टायर आणि ब्रेक आधी पाहावेत. नवे समायोज्य स्प्रिंग बसवले, आसने किंवा इतर सामान काढले, अथवा दोन्हीकडच्या वळणांवर वागणे वेगळे जाणवले, तर मात्र हा हिशोब करावा. तोही सर्वांत शेवटी: टायरमधली हवा ठरवून, गाडीची उंची जुळवून, नेहमीइतके इंधन भरून आणि चालकाला किंवा त्याच्या वजनाइतक्या पोत्यांना आसनावर बसवून. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा कलरोधक दांडा आधी सुटा करावा, नाहीतर तोच भार इकडून तिकडे ढकलतो. जमीनही काटेकोर समपातळीत हवी. एका काट्याखाली काही मिलिमीटर उंचवटा असला, तर आपण गाडी नव्हे, फरशी मोजत बसू. शेवटी चाकांचे कोन पुन्हा तपासावेत.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एका ताठ फळीला चार सारखे पाय लावा आणि प्रत्येक पाय एकेका स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. फळीवर पुस्तके ठेवून आकडे लिहा. मग एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. समोरासमोरच्या कर्णावरचे दोन आकडे एकदम वाढतील, दुसरे दोन कमी होतील. शेजारच्या दोन-दोन काट्यांच्या बेरजा जवळजवळ तशाच राहतील. असे का झाले, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. नंतर एक पाय काढून उरलेल्या तीन पायांवर फळी उभी करावी आणि पुन्हा पुठ्ठा सरकवावा. या वेळी आकडे जवळजवळ हलणार नाहीत. गाडीवानाला स्प्रिंगांची गरज का पडली नाही, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.