मालक जेव्हा चपला विकायला बसतो

१९४१ साली हॉलिवूडमध्ये ‘द डेव्हिल अँड मिस जोन्स’ नावाचा एक विनोदी प्रेमपट आला. जुन्या सिनेमांचे गोडवे गाणारे त्याचं नाव क्वचितच घेतात. आम्हाला मात्र तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातलं प्रेम कामगार संघटनेच्या लढ्यात जुळतं.

न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या दुकानाचे कामगार मालकाचा पुतळा फासावर लटकवतात. संघटना बांधणारे कोण, हे हुडकायला मालक मेरिक खोट्या नावाने आपल्याच दुकानात, चपला-बुटांच्या विभागात नोकरीला लागतो. विभागप्रमुख त्याचा पाणउतारा करतो. हा गरीब म्हातारा उपाशी राहत असेल म्हणून मेरी जोन्स ही विक्रेती त्याला जेवणाचे पैसे देते. तिचा प्रियकर जो हा संघटना बांधतो म्हणून कामावरून काढलेला. हेरगिरी करता करता मेरिक एलिझाबेथ नावाच्या विक्रेतीच्या प्रेमात पडतो आणि शेवटी कामगारांच्या बाजूने उभा राहतो. (आपल्याकडे पायातल्या वस्तूला हात लावणाऱ्याची आधी जात विचारतात. तिथे मालकाला ते काम वेषांतर म्हणून चालून गेलं!)

ही कथा हवेतून आलेली नाही. संघटनेचा हक्क अमेरिकन कामगारांना १९३५ च्या कायद्याने मिळाला. १९३७ साली डेट्रॉइटमधल्या वूलवर्थच्या विक्रेत्या मुलींनी दुकानातच ठाण मांडून संप केला. म्हणजे पडद्यावरच्या मेरीच्या आधी खऱ्या मुली लढल्या होत्या. गंमत अशी की दिग्दर्शक सॅम वूड हाच पुढे १९४४ साली हॉलिवूडमधल्या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला.

पण मित्रहो, या प्रेमकथेतली प्रमुख पात्रं सगळी गोरी आहेत. त्याच न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ब्लमस्टाइन नावाचं दुकान होतं. गिऱ्हाईक मोठ्या संख्येने काळं, पण काउंटरमागे काळी विक्रेती नाही. १९३४ साली काळ्या वस्तीने बहिष्कार टाकला, दारावर निदर्शनं केली, तेव्हा कुठे मालकाने काळ्या मुलींना विक्रेत्या म्हणून घ्यायचं कबूल केलं. बाबासाहेब १९३६ साली सांगत होते की जात ही श्रमिकांचीच विभागणी करते. तिथे ते काम वर्णाने केलं. मेरिक नाव बदलून काउंटरमागे जाऊ शकला, पण हार्लेमच्या मुलीला नाव बदलून काय मिळालं असतं?